मूठ

नांदेडला मेहताबसिंगच्या दुकानात पंखा खडखडत होता.
त्यानं काचेवर हिरवं फडकं पसरलं
आणि म्हणाला, हात द्या.

मला वाटलं भविष्य बघतो.
त्यानं शिंप्याच्या टेपनं माप घेतलं,
मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या रेघेपर्यंत,
मग अंगठा मागं वाकवून बघितला
जिथं दोन वर्षांपासून कळ येते.
लहानपणी कासार असाच पंजा दाबायचा
आणि म्हणायचा, हाडं कडक आहेत पोरीची.

वसमत रोडला माझा पंप आहे.
दोनदा लुटला.
दुसऱ्या वेळी शिवदासच्या कानाला तेरा टाके पडले,
मग कलेक्टर कचेरीत चकरा घातल्या
आणि हे बत्तीस बोअरचं, सहा घरांचं
माझ्या नावावर आलं.
सातबाऱ्यावर माझं नाव नाही.
लायसनवर आहे.

लाकडी मूठ त्याच्यासोबतच आलेली,
कोणा रुंद पंज्याच्या माणसाला समोर बसवून कोरलेली असावी.
उन्हाळ्यात घामानं सुळसुळते,
सरावाला गेले की सहा गोळ्यांत
अंगठ्याच्या बेचक्याचं सालटं काढते.
पुढं आठ दिवस भाकरी थापताना झोंबत राहतं.

त्यानं तीन रबरी जोड मांडले.

पहिल्याला बोटांसाठी खाचा.
माझी अनामिका नेमकी उंचवट्यावर बसली.
दुसऱ्याच्या चपलेत पाय घातला की
त्याच्या अंगठ्याचा खड्डा लागतो, तसं.

दुसरा जाड, लिबलिबीत.
तर्जनीचं पेर चापापर्यंत पोचेना.
"धक्का सगळा हा खाऊन टाकतो," मेहताबसिंग म्हणाला,
"तुमाला नुसता आवाज येईल."
मी तो लगेच खाली ठेवला.

तिसरा बारीक.
खाचा नाहीत, नुसते दाणे, मांजराच्या जिभेसारखे.
वास नव्या ट्यूबचा.
तो धरला आणि
हात गप्प झाला.

"टोचूलालंय का कुठं?"
नाही.
"सरकूलालंय?"
नाही.
"बोट बाहेर. सरळ. मी म्हणेपर्यंत आत घालायचं नाही."
त्यानं कॅलेंडरातल्या चतुर्थीवर नेम धरायला लावला.
रिकाम्या घरावर टक्.
चतुर्थी हलली नाही.

तेव्हा पोटात पहिल्यांदा काहीतरी ढवळलं.
लाकूड निदान दर वेळी सांगायचं, नको धरू मला.
ह्या रबराला काही म्हणायचंच नव्हतं.

आई तिफणीमागं चालायची, चाड्यावर मूठ धरून.
तीन नळ्यांत सारखं बी पडायचं.
मी मागून बघायचे,
बोटं नेमकी कधी सैल होतात
ते मला कधीच पकडता आलं नाही.

"पेट्रोलचा हात लावू नका बाई, फुगतं ते."
एकच स्क्रू. अठराशे रुपये.
लाकडाचे दोन तुकडे त्यानं पेपरात गुंडाळून दिले.
एक शिवदासनं गल्ल्याच्या टेबलाखाली
आखूड पायाला सारला.
दुसरा त्याची पोरगी कानाला लावते
आणि मामाला फोन करते.

मग निवडणुका लागल्या.
हत्यारं जमा करा म्हणून कागद आला.
ठाण्यातल्या हवालदारानं उलटसुलट करून बघितलं,
मग मुठीत धरून एकदा दाबलं. अजून एकदा.
"लईच बरं बसतंय की हाताला, पद्मिनबाई.
कामून बदललं?"
मी म्हटलं, अंगठा दुखतो.
पावतीवर त्यानं लिहिलं,
रिव्हॉल्व्हर एक, मूठ रबरी, काळी.

त्या रात्री गल्ला मोजला,
शटर ओढलं,
स्कूटीचं हँडल धरलं.
तेच दाणे.

फाट्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं,
रस्ता मोकळा होता, समोर नुसते उसाचे ट्रॅक्टर,
आणि मी तीन बोटांनी गाडी चालवत होते,
तर्जनी बाहेर, सरळ,
कोणीतरी म्हणेपर्यंत.